पन्नास दात

कपाटाच्या तळाशी, बेडकांच्या मागं,
बरणीवर पिवळा पडलेला कागद:
मार्मोसा, मग प्रश्नचिन्ह, मग पारा, ब्राझील.
अक्षर कुणा पाद्र्याचं असावं, किंवा कंटाळलेल्या कारकुनाचं.

कायताननं बरणी खिडकीच्या उन्हात धरली.
"चिचुंद्री," म्हणाला.
नाही रे. निमुळतं तोंड, उघडी शेपूट,
डोळ्यांभोवती काजळ फिसकटलेलं,
हे सगळं खरं,
पण नात्यानं हिला कांगारू जवळचा, उंदीर परका.
पिशवी मात्र नाही. पिल्लं पोटाला लोंबकळत वाढायची.
कायतान हसला. मडगावात राहणाऱ्याला
तोंडावळ्यावरून नातं लावायचं नसतं, हे काय शिकवायचं?

हिच्याच रानातून काजू आला, अननस आला,
जहाजातून उतरले ते नावासकट उतरले
आणि आमच्या डोंगरांवर संसार थाटून बसले.
आत्ताही कॉलेजमागच्या उतारावरून
बोंडं कुजल्याचा गोड वास येतोय.
हिला नाव द्यायचं मात्र राहून गेलं,
मराठीत नाही, कोकणीत नाही.
मी नोंदवहीत "छोटी" लिहिते आणि खोडते.

एके काळी या साऱ्यांची चूल एकच होती,
जे लहान, जे मोठ्या डोळ्यांचं, ते मार्मोसा.
मग वाटण्या झाल्या.
मार्मोसॉप्स निघाला, थायलामिस निघाला,
ग्रासिलिनानस, आणि त्याच्याही घरातून क्रिप्टोनानस,
दार लोटून गुपचूप.
मिकोउरेअसही स्वतंत्र नांदत होता कित्येक वर्षं;
जनुकं तपासली तेव्हा कळलं, तो घरातलाच.
परत घेतला. पानावर बसवला.
भांडण कुणाचं होतं ते कुणालाच आठवेना.

मी भिंग घेऊन शेपटीवर बसते, तीन दुपारी.
खवले कड्याकड्यांनी रचलेत की मळसूत्रासारखे फिरत गेलेत?
फिरत गेलेत. म्हणजे दोन घरं वगळली.
पोटाचे केस सुईनं विंचरले: टोकं पांढरी, मुळं राखाडी.
आता प्रश्न खालच्या सुळ्याचा,
आणि तोंड उघडत नाही.
इतक्या वर्षांच्या फॉर्मालिननं जबडा असा मिटवलाय
की जोर लावला तर तुटेल.

"आमचें बी तशेंच," कायतान मध्येच बोलतो.
त्याच्या घरून दर वर्षी फोंड्याच्या देवळात
तेलाची बाटली जाते, कोणी विचारत नाही का.
आजोबाही पाठवायचे, रविवारची मीस चुकवत नसत तेही.
देऊळ तेच, जिथं माझ्या बाबांनी माझं जावळ काढलं.
आम्ही बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत आहोत,
हे आज कळलं, शेपटीचे खवले मोजताना.
त्यानं बरणीचं झाकण पुसलं. मी भिंग पुसलं.

युक्ती त्याचीच.
चर्चमागच्या वालादारीस डॉक्टरांकडे
दातांचं नवं एक्स-रे मशीन आलंय.
दुपारी, पेशंट नसताना, आम्ही तिला
ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यातून नेलं,
जेवणाच्याच डब्यातून, दुसरा नव्हता.

काउंटरवरची मुलगी नवी होती, नियमाची पक्की.
मान वर न करता म्हणाली, "नांव?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
"आडनांव? गांव?"
मी सांगणार होते की त्यासाठीच तर आलोय बाई.
तिनं डब्यात डोकावलं, किंचाळली, मग जरा सावरून:
"हें भायलें मगे?"

"भायलें न्हय गो," कायतान म्हणाला,
"काजूच्या गांवचें."

आणि तिनं तसंच लिहून घेतलं.

आत डॉक्टर खुर्ची खाली-खाली आणत होते,
इतकी खाली ती कधी गेली नव्हती.
दिवा मालवला. पडद्यावर राखाडी धुकं,
मग त्यात तांदळाच्या कण्यांसारखे
एकेक करून दात.
"पन्नास?" डॉक्टर म्हणाले, "आणि कीड एकाला नाही!"
मी पुढून मोजायला घेतलं,
वर पाच, खाली चार, मग सुळा,
आणि कायतान माझ्या खांद्यावरून वाकून
ओठांतल्या ओठांत मोजत होता, पोर्तुगीजमध्ये.